आधी दळण, मग मशीन

एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्याचा कपातल्या कॉफीशी सगळ्यात कमी संबंध असतो. ‘१५ बार’. काही खोक्यांवर तर २०. बार हे दाबाचं माप. एस्प्रेसोला, म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेल्या दाट कॉफीला, साधारण ९ बार दाब पुरतो. मग वरचे सहा बार कशाला? कशालाच नाहीत. घरगुती मशीनमधला व्हायब्रेशन पंप म्हणजे एक छोटा दट्ट्या. चुंबकाने ओढला जातो, स्प्रिंगने परत येतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा. पुढची वाट पूर्ण बंद केली आणि पाण्याचा थेंबही सरकू दिला नाही, तर हा पंप जास्तीत जास्त जेवढा दाब धरेल, तो हा आकडा. पाणी वाहू लागलं की दाब उतरतो. थोडक्यात, खोक्यावर पंपाची ताकद लिहिलेली असते, कॉफीवर पडणारा दाब नव्हे.

९ हा आकडा तरी कुठून आला? लुइजी बेझेरा यांनी मिलानमध्ये १९०१ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या जोरावर चालायचं. त्यात दाब जेमतेम दीड बार. कॉफी झटपट मिळे, पण जळकट. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच मिलानमध्ये आकिले गाजा यांनी दांडा आणि स्प्रिंग आणली, दाब कितीतरी पटींनी वाढला आणि कपावर पहिल्यांदा तो तपकिरी साय धरल्यासारखा थर आला, ज्याला आज आपण क्रेमा म्हणतो. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने दांड्याऐवजी विजेचा पंप बसवला आणि ९ बारच्या आसपासचा सलग दाब रूढ झाला. घरगुती मशीन घेताना खरा प्रश्न एवढाच असतो की हे ९ बार, ९० ते ९६ अंशांचं पाणी आणि एकसारखी दळलेली कॉफी या तिन्ही गोष्टी रोज सकाळी जुळवता येतात का. यातली तिसरी गोष्ट मशीनमध्ये नसतेच.

म्हणून आधी ग्राइंडर. मिक्सरच्या भांड्यात कॉफी दळली जात नाही, तुटते. पात्यांच्या वाटेत आलेली बी फुटते, न आलेली राहते आणि एकाच भांड्यात रवा आणि मैदा दोन्ही तयार होतात. एस्प्रेसोत पाणी रव्यातून चटकन निघून जातं, तिथली कॉफी कच्ची आणि आंबट उतरते. मैद्यात ते अडकतं, तिथून कडवटपणा येतो. आंबट आणि कडू एकाच घोटात लागलं की अर्ध्या वेळा गुन्हेगार दळण असतं. बर ग्राइंडर म्हणजे शेवटी जातंच. दोन चक्क्या, मधे ठरवलेली फट, आणि त्या फटीतून जाईल एवढाच दाणा. फरक इतकाच की इथली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. एस्प्रेसोसाठी घेताना हे विचारायचं, की एका खटक्याने फट किती बदलते. हाती फिरवायच्या ग्राइंडरमध्ये किंगग्राइंडर के६ चा एक खटका १६ मायक्रॉनचा, वनझीप्रेसो जे-अल्ट्राचा ८ मायक्रॉनचा. पूड पाण्यात भिजवून गाळणाऱ्या फ्रेंच प्रेसला हा फरक कळणारही नाही. एस्प्रेसोत मात्र एका मोठ्या खटक्यावर शॉट (एका वेळी उतरणारी एस्प्रेसो) घाईने पळतो, पुढच्यावर गुदमरतो, आणि हवा असलेला दळणाचा आकार नेमका दोन खटक्यांच्या मधे राहतो.

एकूण पैशांतले निदान निम्मे ग्राइंडरला द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. महागडं मशीन आणि स्वस्त ग्राइंडर ही जोडी फसते, उलटी जोडी मात्र बहुधा चालते. हाताने दळायला १८ ग्रॅमला मिनिटभर लागतं आणि दंडाला व्यायाम होतो. घरात चार कप लागत असतील तर विजेचाच घ्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो ग्राइंडर माळ्यावर जातो.

दळलेली तयार पूड आणून काम भागणार नाही का? भागतं, पण मग मशीनबरोबर आलेली दुहेरी तळाची बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीची वाटी, वापरावी लागते. तिच्या खालच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक असतं आणि दाब कॉफीऐवजी ते भोक तयार करतं. वर फेस भरपूर दिसतो, तो क्रेमा नव्हे; मिल्कशेक उंचावरून ओतल्यावर येणाऱ्या फेसाच्या जातीचा. स्वस्त मशीनचा पहिला अपग्रेड म्हणजे एकेरी तळाची बास्केट, पण घरात चांगला ग्राइंडर आल्यावरच. आधी बदललीत तर पाणी दहा सेकंदांत सरळ खाली येईल आणि दोष बास्केटला मिळेल. आणि चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालूच नये. ती ओली झाली की चिकट लगदा होतो, जाळी बुजते. तिची जागा स्टीलच्या दोन मजली फिल्टरमध्ये आहे आणि तिथे ती झकास लागते.

आता पाणी. याबद्दल दुकानदार बोलत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरलं तर गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरमध्ये बसतो, फक्त इथली वाट काडीएवढी असते. शिवाय त्या थराची एखादी कपची सुटून सोलेनॉइड वाल्वमध्ये (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेत) अडकली की मशीन बंद असतानाही टपटप गळत राहतं. उलट बाजूला आरओचं पाणी: क्षार नाहीत म्हणून थर नाही, पण चव सपाट आणि धातूलाही ते फार मानवत नाही. ज्या मोठ्या मशीनमध्ये बॉयलरची पातळी सळईतून जाणाऱ्या विजेवर ओळखली जाते, तिथे अगदी शुद्ध पाणी सळईला दिसतच नाही आणि पंप भरतच राहतो. उपाय स्वयंपाकघरातच आहे. खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम घेऊन एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवायची. रोजच्या वापरासाठी एक लिटर आरओ पाण्यात यातलं १० मिलिलिटर. म्हणजे लिटरमागे ८४ मिलिग्रॅम सोडा. चवीला कळत नाही, आंबटपणाची धार थोडी बसते, आणि कॅल्शियमच नसल्यामुळे थर बसायचा प्रश्न मिटतो. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ते १० ग्रॅम, बाकी कृती तीच. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. त्या पावडरीत आम्ल आणि स्टार्चही असतं. हे प्रमाण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जवळपास शून्य असलेल्या पाण्यासाठी आहे. आरओच्या मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर उघडा ठेवून ८०-१०० चं पाणी येत असेल, तर सोडा घालण्याची बहुधा गरज नाही.

आणि सॉकेट. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपियरहून किंचित जास्त ओढतं. म्हणजे मोबाइल चार्जरच्या शेजारचं ६ अँपियरचं सॉकेट नको. फ्रिज-गिझरचं १६ अँपियरचं हवं, आणि अर्थिंग खरं हवं. जर्मनीहून येणाऱ्या मावसभावाला मशीन आणायला सांगितलं तर व्होल्टेज जुळतं. पण तिथल्या गोल प्लगचं अर्थिंग बाजूच्या पट्टीवर असतं. तो आपल्या सॉकेटमध्ये ढिला का होईना शिरतो, मशीन सुरूही होतं, फक्त अर्थ जोडलाच जात नाही. पाणी, वीज आणि धातूचं भांडं एकत्र असलेल्या वस्तूला हे चालणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपियरचा तीन पिनी प्लग लावून घ्या. अमेरिकेतून १२० व्होल्टचं मशीन मात्र आणूच नका. २३० वर त्याचा हीटर साडेतीन पटींहून जास्त वीज खेचायला बघतो आणि पहिल्याच सकाळी जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १४०० वॅटला पुरेल असा म्हणजे ओट्यावर आणखी एक जड डबा.

एवढं झाल्यावर मशीन निवडणं सोपं होतं, कारण प्रश्न एकच उरतो: एका वेळी किती दुधाच्या कॉफ्या लागतात? काळी पिणारे एक-दोघं असतील तर हाताने दाबायचं फ्लेअर किंवा कॅफेलॅट रोबॉटसुद्धा पुरे. उकळतं पाणी ओतायचं, दांडे खाली आणायचे. पंप नाही, बॉयलर नाही, बिघडायला जवळपास काही नाही. लाइट गेली तरी गॅसवर पाणी तापतं. त्याच्यावर थर्मोब्लॉकची मशीनं. पाणी तापलेल्या धातूच्या नागमोडी वाटेने जाता जाता गरम होतं. डेलाँगीचं डेडिका फक्त १५ सेंटिमीटर रुंद, छोट्या ओट्याला सोयीचं, पण पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारं हँडल) ५१ मिलिमीटरचा, त्यामुळे चांगल्या बास्केट आणि पूड दाबायचे टॅम्पर शोधावे लागतात. व्यावसायिक मशीनचं माप ५८ मिलिमीटर, त्याला जगभरचे सुटे भाग बसतात. मग एका बॉयलरची: गाजा क्लासिक, रान्चिलिओ सिल्व्हिया. त्याहून वर हीट एक्स्चेंजर, जिथे वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापतं. दूध आणि शॉट एकाच वेळी होतात, पण काही वेळ नुसतं पडून राहिलं की नळीतलं पाणी फार तापतं आणि शॉटआधी थोडं सोडून द्यावं लागतं. ई६१ पद्धतीचा ग्रुप, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात तो भाग, चार-एक किलो पितळेचा. तो तापायला अर्धा तास. सर्वांत वर दोन बॉयलर, दोघांचं तापमान वेगळं. रोज सकाळी चार कापुचिनो लागणाऱ्या घराने थेट तिथे जावं, मधल्या पायऱ्यांवर पैसे घालवू नयेत.

इतर बहुतेकांसाठी मात्र गाजा क्लासिकसारखं साधं मशीन हेच शहाणपणाचं, आणि कारण चव नव्हे, स्क्रू. १९९१ पासून हे मशीन थोड्याफार बदलांनी बनतंय. वरचं झाकण दोन स्क्रूंवर. आत सुमारे १०० मिलिलिटरचा बॉयलर (बरीच वर्षं ॲल्युमिनियमचा), पंप, सोलेनॉइड, दोन थर्मोस्टॅट, वायरी. घरातल्या जुन्या मिक्सरपेक्षा आत गुंता थोडाच जास्त. त्यामुळे याचं अपग्रेड म्हणजे नवं मशीन घेणं नसून एकेक भाग बदलणं.

पहिला भाग म्हणजे ओपीव्ही, जादा दाब झाल्यास पाणी टाकीकडे परत पाठवणारा वाल्व. जुन्या क्लासिकमध्ये कारखान्यातून हा १२-१४ बारला उघडेल असा यायचा. २०२३ च्या इव्हो प्रो या क्लासिकच्याच नव्या आवृत्तीपासून तो ९ वर येतो. आधीचं मशीन असेल तर प्लग काढा, मशीन पूर्ण थंड होऊ द्या, झाकण उघडा, वाल्वची टोपी पान्याने सोडवा आणि आतली स्प्रिंग बदलून मऊ स्प्रिंग बसवा. रबरी रिंग हरवू देऊ नका. तपासायला पोर्टाफिल्टरला लावायचा प्रेशर गेज मिळतो. त्यात एक खोच आहे. गेजने वाट बंद असते, प्रत्यक्ष शॉटमध्ये पाणी वाहत असतं. म्हणून बंद वाटेवर साधारण १० दिसलं तर कॉफीवर ९ च्या आसपास पडतात. थेट गेजवर ९ आणायचा हट्ट धरला तर शॉटला एक बार कमी. बिघडत काही नाही, पण आकड्याला फसू नये.

दुसरा भाग तापमान. क्लासिकचा कॉफीचा थर्मोस्टॅट १०७ अंशांना हीटर बंद करतो, वाफेचा १४५ ला. हे तापमान बॉयलरच्या अंगाचं, पाण्याचं नव्हे. हीटर बंद झाल्यावरही धातू तापत राहतो, मग हळूहळू निवतो आणि बराच खाली आल्यावरच हीटर पुन्हा लागतो. या चढउतारात तुम्ही बटण कधी दाबलं त्यावर चव ठरते. एकच दळण, एकच वजन, तरी सकाळचा कप आंबट आणि दहा मिनिटांनी केलेला कडू: ही त्याची खूण. फुकटचा उपाय असा. ‘तयार’ दिवा विझेपर्यंत पाणी सोडायचं. विझला म्हणजे हीटर लागला. दिवा परत लागला की ठरावीक सेकंद मोजायचे आणि शॉट सुरू करायचा. किती सेकंद हे जिभेने ठरवा. महत्त्व आकड्याला नाही, रोज तोच आकडा पाळण्याला आहे. कंटाळा आला की पीआयडी. कॉफीच्या थर्मोस्टॅटच्या जागी सेन्सर, हीटर चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले, आणि तापमान एखाद्या अंशात धरून ठेवणारा कंट्रोलर. रिले तापतो, म्हणून तो मशीनच्या धातूच्या सांगाड्याला घट्ट बसवायचा. थर्मल फ्यूज कुठल्याही परिस्थितीत वगळायचा नाही. रिले अडकून हीटर चालूच राहिला तर शेवटचा रखवालदार तोच. गडद भाजलेल्या बियांना एक-दोन अंश खाली, हलक्या भाजणीला वर. आणखी हौस असेल त्यांच्यासाठी गाजुइनो नावाचा खुला प्रकल्प आहे. त्यात मायक्रोकंट्रोलर दाब आणि प्रवाहही सांभाळतो. पण सोल्डरिंग येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलावर ही जबाबदारी टाकू नये. आत २३० व्होल्ट आहेत.

बदल कामी आला का, हे पाहायला तळ नसलेला पोर्टाफिल्टर लावून एक शॉट जवळून बघावा. १८ ग्रॅम बिया ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून घ्या. हिवाळ्यात, विशेषतः पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत, पूड ग्राइंडरला चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवलं की चिकटत नाही. बास्केटमध्ये पूड पडल्यावर बारीक सुयांनी तळापासून ढवळून गुठळ्या मोडायच्या. टॅम्पर सपाट दाबायचा. जोर किती याला फार महत्त्व नाही, तिरका न होण्याला आहे. पंप सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंद काहीच दिसत नाही. मग तळाच्या जाळीवर घामासारखे काळे थेंब फुटतात. ते सगळीकडे एकदम फुटले तर काम चांगलं झालंय. मग ते मध्याकडे ओढले जातात आणि त्यांची एकच धार बनते, काकवीसारखी, जड, तपकिरी. २५ सेकंदांच्या पुढेमागे ती फिकट होते, मधाच्या रंगावर येते. कपात ३६ ग्रॅम भरले की थांबवायचं. कडेने एखादी बारीक पिचकारी उडून ओटा भरला, तर पाण्याने तिथे बोगदा पाडलाय. टॅम्प तिरका होता, गुठळी राहिली होती, किंवा दळण गरजेपेक्षा बारीक झालंय. १५ सेकंदांत ३६ ग्रॅम आले तर बारीक करा, ४५ लागले तर भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण आणि वजन दोन्ही हलवलं तर काय कामी आलं हे कधीच कळत नाही.

बियांबद्दल एवढंच, की पाकिटावर भाजल्याची तारीख हवी, नुसती ‘एक्स्पायरी’ नको. भाजल्यावर सात ते चौदा दिवस विश्रांती दिलेल्या बिया छान उतरतात. काल भाजलेल्या बियांतला वायू शॉट उसळवतो. चिकमगळूर आणि कोडगूच्या मध्यम भाजलेल्या अरेबिका सुरुवातीला सोप्या जातात. पावसाळी वाऱ्यात फुगवलेली मान्सून्ड मलबार आंबटपणाला कमी आणि वजनाला हलकी असते. त्याच बास्केटमध्ये १८ ग्रॅम मावतीलच असं नाही, १६ वरून सुरुवात करा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बरणी दिवसभर उघडी ठेवली तर संध्याकाळी तेच दळण वेगळं वागतं. आठवड्यापुरत्या बिया बाहेर, बाकीच्या छोट्या हवाबंद पुड्यांत फ्रीझरला.

दूध. एका बॉयलरच्या मशीनवर शॉट आधी, मग वाफेचं बटण, दिवा लागेपर्यंत थांबणं, वाफेच्या दांडीतलं पाणी सोडून देणं, मग दूध. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध न उकळता थेट फ्रिजमधून घ्या. उकळलेलं असेल तर साय गाळून टाका, ती दांडीच्या भोकात बसते. १५० मिलिलिटर दुधाला पहिले चार-पाच सेकंद हवा ओढू द्या, कागद फाडल्यासारखा आवाज येतो. मग दांडी थोडी आत आणि दुधाला भोवरा. दुधाच्या भांड्याला हात लावून धरवेना झालं की, साधारण ६० अंशांवर, थांबा. ७० च्या वर दुधाचा गोडवा जातो. नंतर एक गोष्ट विसरू नका. वाफ काढून बॉयलर अर्धा रिकामा झालेला असतो. वाफेचं बटण बंद करून दांडीचा वाल्व उघडा ठेवून पंप चालवा, पाण्याची सलग धार येईपर्यंत. हे न करता मशीन तसंच तापत ठेवल्यानेच अनेक हीटर जातात, आणि मग लोक म्हणतात मशीन हलकं होतं.

देखभाल कंटाळवाणी, पण थोडीच. सोलेनॉइड असलेल्या मशीनमध्ये आंधळी (भोकं नसलेली) बास्केट लावून चिमूटभर कॉफी-डिटर्जंट घालायचं. दहा सेकंद पंप, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा, मग साध्या पाण्याने तेवढंच. सोलेनॉइड नसलेल्या मशीनवर हे करू नये, दाबाला सुटायला वाट नसते. पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी झिरपायला लागलं तर ग्रुपमधलं रबरी गॅस्केट कडक झालंय. हँडल आणखी जोराने ओढू नका, गॅस्केट बदला.

जुनं मशीन घ्यायचं असेल, आणि क्लासिकच्या बाबतीत ते खुशाल घ्यावं, तर विकणाऱ्याच्या घरी जाऊनच बघा. आधी विचारा की पाणी कुठलं वापरलं. ‘नळाचं’ म्हणाले तर इमारतीत बोअर आहे का तेही विचारा. ग्रुपखाली मोबाइलचा उजेड टाकून जाळी पाहा. काळा चिकट थर असेल तर तो धुऊन जातो, पण किंमत करायला उपयोगी पडतो. मग मशीन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेल्या मशीनचे बरेच दोष लपतात. आंधळी बास्केट सोबत न्या, ती लावून दहा सेकंद पंप चालवा आणि बंद करा. खालच्या ट्रेमध्ये ‘फुस्स’ करून पाणी सुटलं तर सोलेनॉइड शाबूत आहे. सुटलं नाही, तर हँडल लगेच फिरवू नका. आतला दाब अजून तसाच आहे आणि गरम पाणी अंगावर येईल.